चंद्र समजून मांस

चेंगदूत पहिले चार महिने मी टोफू खाल्ला नाही. कारण ऐकून आमच्या हॉस्टेलवरची पोरं अजूनही हसतात. त्यात मांस लिहिलेलं होतं.

घर माळकऱ्यांचं. नांदेडहून निघताना आईनं दोनच गोष्टी बजावल्या होत्या: गळ्यातली माळ काढायची नाही आणि भलतंसलतं खायचं नाही. एमबीबीएसला चीनला चाललेल्या पोराला हे सांगणं म्हणजे पुरात उतरणाऱ्याला पाय भिजवू नको म्हणण्यासारखं, पण मी हो म्हटलं होतं. लातूरचा एक सीनियर दादा होता. त्यानं पहिल्याच संध्याकाळी कँटीनच्या फळ्यासमोर उभं करून मला एक अक्षर दाखवलं. खालून उघडी असलेली एक चौकट, आणि तिच्यात एकावर एक अशी दोन माणसं. "हे रोउ. मांस. हे दिसलं की पुढं सरकायचं, काही विचारायचं नाही."

मी सरकत राहिलो. टोफूला चिनीत 'तोउफू' म्हणतात, त्यातलं दुसरं अक्षर मोठं गिचमिडीचं आहे, पण त्याच्या तळाशी बारकाईनं पाहिलं की तीच चौकट, आतली तीच दोन माणसं. म्हणजे मांसच. शेवटी चिनी शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात विचारलं की शाकाहारी पोरं टोफू का घेत नाहीत, तेव्हा उलगडा झाला. 'फू' म्हणजे नासणं, कुजणं. कुजतं ते मांस, म्हणून अक्षराच्या तळाशी मांसाची खूण. टोफू आपला सोयाबीनचाच. इतका आनंद झाला की त्याच रात्री मी चेंगदूचा जगप्रसिद्ध मापो टोफू मागवला. पहिल्या घासाला तिखटापुढं काही कळलं नाही. दुसऱ्याला दाताखाली खिमा आला. कसला खिमा, हे मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

तर त्या खुणेशी माझी ओळख अशी झाली. पुढची पाच वर्षं तिनं माझी पाठ सोडली नाही, कारण डॉक्टरकीतली निम्मी चिनी अक्षरं तीच खूण अंगावर घेऊन फिरतात. फक्त वेष बदलून.

दुसऱ्या सेमिस्टरला बाईंनी प्रत्येकाला लाल प्लॅस्टिकच्या कव्हरचा एक छोटा, जाडजूड कोश घ्यायला लावला. शिन्हुआ शब्दकोश. पहिली आवृत्ती 1953 ची, आणि तेव्हापासून 2015 पर्यंत 56 कोटींहून जास्त प्रती खपलेल्या. चीनमधल्या प्रत्येक शाळकरी पोराच्या दप्तरात तो असतोच. आम्ही कुरकुर केली. मोबाइलवर बोटानं अक्षर गिरवलं की अर्थ समोर येतो, मग हे कशाला? बाई म्हणाल्या, वॉर्डात रुग्णासमोर फोन काढून बोटं फिरवाल तर त्याला वाटेल गेम खेळताय. आणि दुसरं, फोन अक्षर ओळखून देतो, तुम्हाला ते दिसत नाही. हे दुसरं कारण तेव्हा मला पटलं नव्हतं.

आपल्याकडं शब्द कानावर पडतो आणि मग आपण तो कोशात शोधतो. क ख ग घ माहीत असलं की झालं. इथं सगळं उलटं. अक्षर डोळ्यासमोर आहे, उच्चार माहीत नाही, मग शोधायचं कुठं? म्हणून पूशोउ, म्हणजे रॅडिकल. प्रत्येक अक्षराचा एक भाग धरायचा, त्या भागाच्या घराण्यात ते अक्षर नोंदवलेलं असतं. इसवी सन 100 च्या आसपास शू शन नावाच्या पंडितानं 9,353 अक्षरं अशी 540 घराण्यांत लावली. पुढं 1615 मध्ये मेइ यिंगत्सुओनं त्यांची 214 केली. 1716 च्या कांगशी कोशानं तीच उचलली, त्यामुळं आजही कोणी रॅडिकलचा नंबर सांगितला तर तो बहुधा या 214 मधला असतो. आमच्या लाल कोशात सुटसुटीत करून 201 ठेवलेली.

शोधायची रीत अशी. आधी अक्षरातला पूशोउ ओळखायचा आणि त्याच्या रेघा मोजायच्या. पहिल्या यादीत तितक्या रेघांच्या रकान्यात तो सापडतो, समोर पानाचा आकडा. त्या पानावर त्या घराण्यातली सगळी अक्षरं, उरलेल्या भागाच्या रेघांप्रमाणं लावलेली. तिथं आपलं अक्षर, समोर पुन्हा आकडा. मग कुठं खरं पान. रेघ म्हणजे पेन न उचलता होते ती एक. चौकटीची वरची आडवी आणि उजवी उभी मिळून एकच धरतात. हे माहीत नसलं की सगळा हिशोब कोसळतो, आणि पहिले काही आठवडे तो रोज कोसळायचा.

बाईंनी पहिलाच गृहपाठ दिला तो अवयवांचा. यकृत, जठर, फुप्फुस, मूत्रपिंड, प्लीहा. कागदावर नुसती अक्षरं, उच्चार शोधून आणायचे. कागदाकडं पाहिलं तर प्रत्येकात चंद्र. चिनी चंद्र म्हणजे उभी लांबट शिडी समजा: डावीकडं खाली जरा बाहेर वळणारी रेघ, वरून उजवीकडं उतरून शेवटी आकडा मारलेली दुसरी, आणि आत दोन आडव्या पायऱ्या. चार रेघा. यकृतात हा चंद्र डावीकडं, जठरात खाली, मूत्रपिंडातही खाली. माणसाच्या पोटात इतके चंद्र कशाला, असा प्रश्न पडणारच. मी मनाशी काहीतरी भव्य जुळवून टाकलं, चिनी वैद्यक, यिन आणि यांग, चंद्राच्या कला वगैरे. बाईंनी एका वाक्यात हवा काढली: तो चंद्र नाहीच, ते रोउ आहे.

सहा रेघांचं ते चौकटीतलं मांस अक्षराच्या कडेला बसवायचं म्हणून शतकानुशतकं चेपत गेलं आणि शेवटी हुबेहूब चंद्रासारखं दिसायला लागलं. कांगशी कोशात ही दोन घराणी वेगळी आहेत, चंद्र 74 वा आणि मांस 130 वं, आणि यकृत शोधायचं तर तुम्हाला आधीच माहीत पाहिजे की हा चंद्र खोटा आहे. आमच्या कोशानं शहाणपणा केला. दिसतो ना चंद्र? मग चंद्राखाली बघा. त्यामुळं त्या एका पानावर कोणाशेजारी कोण येऊन बसलंय ते पाहण्यासारखं आहे. उरलेल्या चार रेघांच्या ओळीत 'सूज', 'लठ्ठ', 'फुगलेलं', आणि त्यांच्यातच 'मित्र' आणि 'कपडे'. मित्रातले दोन चंद्र म्हणजे जुन्या काळच्या कवड्यांच्या दोन माळा. कपड्यांतला चंद्र मुळात नाव होता, पाण्यावरची. सगळे चेपून चंद्र झालेले.

गृहपाठात चार अवयव सापडले. फुप्फुस काही सापडेना. डावीकडं चंद्र, चार. उजवीकडचा भाग तर मला पाठ होता, कारण तो चेंगदूतल्या प्रत्येक पाटीवर असतो: 'श', म्हणजे शहर आणि बाजार सुद्धा, सुपरमार्केटमधला मार्केट. वर एक टिंब, मग आडवी रेघ, खाली चौकट, तिच्यातून उभी रेघ. पाच. पाचच्या ओळीत दोनदा बोट फिरवलं, तिसऱ्यांदा पट्टी लावून बघितलं. जठर होतं, पाठ होती, गर्भ होता. फुप्फुस नाही. चीनच्या सगळ्यात खपाऊ कोशात फुप्फुस छापायचं राहिलंय, या निष्कर्षाला मी खरोखर आलो होतो. दुसऱ्या दिवशी वहीत त्या जागी फुली मारून गेलो.

बाई काही बोलल्या नाहीत. फळ्यावर माझा 'बाजार' काढला, मग शेजारी फुप्फुसाचा उजवा भाग काढला. यात वर टिंब नाहीच. आडवी रेघ, चौकट, आणि मग एक उभी रेघ वरून निघते ती आडवीला छेदून, चौकटीतून थेट खाली. टिंब वाटतं ते त्या उभ्या रेघेचं डोकं. चार रेघा. ओळ बदलली आणि फुप्फुस मुकाट्यानं जागेवर होतं, 'फेइ'. अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट. पुढं कळलं की कित्येक चिनी माणसंही ते बाजारासारखंच लिहितात आणि कोणाचं काही अडत नाही. अडतं ते फक्त कोशात शोधणाऱ्याचं.

एक मात्र आपल्या लोकांचा फायदा. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक चिनीत जिवावरचा असतो. रोमन लिपीत लिहिलेलं वाचून युरोपातली पोरं तिथं धडपडतात. आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला. रोमनमध्ये ग लिहितात तिथं खरा उच्चार आपल्या क चा असतो, ब लिहितात तिथं प. म्हणजे यकृत झालं 'कान'. प्लीहा 'फी'. पित्ताशय 'तान', पोट 'तू'. कानाला सूज आली म्हणजे लिव्हर वाढलंय, हे एकदा डोक्यात बसलं की विसरणं शक्य नाही. चेंगदूची बोली मात्र या सगळ्यावर पाणी ओतते. तिथं बहुतेक शब्दांत न आणि ल एकच. मेंदूच्या 'नाओ'चा 'लाओ' होतो, आणि डोकं दुखणारा म्हातारा 'लाओखो, लाओखो' करत कपाळ धरून बसतो. आपल्याकडं निंबूचं लिंबू होतं तसं, फक्त जवळजवळ अख्ख्या भाषेभर.

चंद्र म्हणजे मांस हे कळल्यावर मी कँटीनमध्ये नवा नियम लावला आणि पुन्हा उपाशी राहायची वेळ आणली. डुकराच्या आतड्याला, यकृताला, मेंदूला चंद्र आहे, तिथवर ठीक. 'याओ-हुआ' म्हणजे शब्दशः कंबरफूल, ती फुलासारखी चिरलेली मूत्रपिंडं निघतात. कमरेतल्या चंद्रानं तिथं मला वाचवलं. पण गाजराच्या पहिल्या अक्षरातही चंद्र असतो. लोणच्यासारख्या खारवलेल्या भाजीच्या अक्षरात असतो. आणि कहर म्हणजे 'छिंग-त्साय', साधी हिरवी पालेभाजी, तिच्यातल्या 'हिरव्या'च्या तळाशी चक्क चंद्र. तो ना चंद्र ना मांस, तिसरंच काहीतरी झिजून तसं झालेलं. उलट, चेंगदूत 'फू-छी फेइ-फ्येन' नावाचा थंड पदार्थ आहे, नवराबायकोच्या फुप्फुसाच्या चकत्या, त्यात गाईचं बाकी सगळं असतं आणि फुप्फुस बहुधा नसतंच. सांगतात की आधी ते 'फेइ' टाकाऊ तुकड्यांचं होतं, उच्चार तोच. टाकाऊ बरं दिसत नाही म्हणून पाटीवर फुप्फुस आलं. शेवटी मी खुणांवरचा भरवसा सोडला आणि कँटीनच्या मावशींशी ओळख वाढवली. तो उपाय अचूक ठरला.

वॉर्डात मात्र खूण कामाला आली. चौथ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं तेव्हा लिफ्टशेजारच्या विभागांच्या पाटीपुढं आमची निम्मी बॅच गोंधळून उभी असायची. मला दुरूनच कळायचं की चंद्रवाले मजले कोणते. कान-तान पाचवर, शन, म्हणजे मूत्रपिंड, सातवर. केसपेपरवर डॉक्टरांचं हस्ताक्षर जगात सगळीकडं सारखंच, पण ओळीच्या डाव्या अंगाला चंद्राचा वळसा दिसला की हा शरीराचा भाग, एवढं पक्कं. मग उरलेला अर्धा भाग उच्चार सुचवतो. यकृतातला 'कान' त्याच्या उजव्या भागातूनच येतो. सुजेत चंद्राशेजारी 'मध्य' आहे, तो 'चोंग', सूजही 'चोंग'. निम्मं अक्षर सांगतं कुठं, निम्मं सांगतं कसं म्हणायचं.

पाच मुख्य अवयवांत चार चंद्रवाले आणि एक हृदय तेवढं वेगळं. त्याला मांसाची खूण नाही, तेच स्वतः एक पूशोउ आहे, तीन टिंबं आणि एक आकडा, आणि त्याच्या घराण्यात राग, भीती, विसरणं असली मंडळी. फक्त हृदय नावाचा अवयव म्हणायचं असेल तर पुढं 'त्सांग', अवयव, जोडतात, आणि त्या त्सांगला चंद्र आहे. इथं मी तोंडावर पडलो. लिपी सोपी करताना 'अवयव' आणि 'घाणेरडं' ही दोन वेगळी, किचकट अक्षरं एकाच सोप्या अक्षरात कोंबली गेली. सूर खाली आदळला तर अवयव, वर सपाट राहिला तर घाण. एका आजोबांना मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की तुमचं मन घाणेरडं आहे, आपण उद्या त्याची सोनोग्राफी करू. आजोबा म्हणाले, माझी बायको चाळीस वर्षं हेच सांगतेय, मशीन कशाला?

याच सुमारास पुण्यात जपानी शिकणाऱ्या मावसबहिणीशी फोनवर बोलणं झालं. जपानीत या खुणेला स्वतंत्र नाव आहे म्हणाली, 'निकुझुकी', मांस-चंद्र. आणि तिनं आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. ग्रंथी, म्हणजे ग्लँड, याला चिनीत शब्दच नव्हता. 19व्या शतकाच्या सुरुवातीला उदागावा गेनशिन नावाचा जपानी वैद्य डच शरीरशास्त्राची पुस्तकं उलथीपालथी करत होता. त्यानं नवं अक्षरच घडवलं: डावीकडं मांस-चंद्र, उजवीकडं पाण्याचा झरा. मांसातला झरा. आपल्याकडं ग्रंथी म्हणजे नुसती गाठ. हे त्याहून नेमकं आहे, असं मला डॉक्टर म्हणूनही वाटतं. ते अक्षर पुढं चीननंही उचललं. माझ्या कोशात ते होतंच, चंद्राखाली, नऊच्या ओळीत.

हे अक्षर मी पहिल्यांदा खऱ्या कागदावर वाचलं ते पाचव्या वर्षी, पोटविकारांच्या वॉर्डात. अकरा नंबरला एक आजी होत्या. निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मी त्यांना 'फोफो', आजी, म्हटलं तर म्हणाल्या, 'लाओशी', शाळेतल्या बाई, म्हण, चाळीस वर्षं कमावलंय ते. पित्ताशयातला खडा सरकून दुखणं सुरू झालेलं, पोटातून पाठीत कळ, तोंडानं काही द्यायचं नाही, नुसती सलाइन. उपाशी माणसाला बोलायला फार लागतं. माझी हिस्ट्रीची वही त्या रोज तपासायला मागायच्या. रेघांचा क्रम चुकला की हातातलं बोरू घेतल्यासारखं माझं पेन घ्यायच्या. जठरात चंद्र खाली येतो तेव्हा त्याची पहिली रेघ वळवायची नाही, सरळ उभी आणायची, हे मला पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी सांगितलं. आणि वर दिसतं ते शेत नव्हे, धान्यानं भरलेल्या पोटाचं जुनं चित्र आहे, हेही. हे सांगून झाल्यावर स्वतःच्या रिकाम्या पोटावर हात ठेवून हसल्या.

सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला तो मुलीनं घेतला. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांशी बोलली, आत येताना हसत आली. तिकडं वाईट बातमी रुग्णाला सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात, आणि घरचे आत येताना हसतात. आजींना ते माहीत होतं. डॉक्टरांनी त्यांना आजाराचं नाव सांगितलंही होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलगी गरम पाणी आणायला गेली तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, रिपोर्ट तू वाचलास?

वाचला होता. शेवटच्या ओळीत दोन चंद्र शेजारी शेजारी. पहिला चंद्र आणि उजवीकडं 'यी', जुन्या काळी बाहेरच्या, परक्या लोकांना म्हणायचे ते. दुसरा चंद्र आणि झरा. यी-श्येन, स्वादुपिंड. ते वाचता वाचता माझा श्वास अडकला होता तो तिसऱ्या अक्षरापाशी.

"शेवटचं अक्षर काय?" त्यांनी विचारलं.

"येन," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांच्या लहानपणी दाह आणि कॅन्सर दोन्ही 'येन'च होते. जठराला येन झालाय म्हटलं तर माणूस दोन आठवड्यांत बरा होणार की सहा महिन्यांत जाणार, ऐकून कळायचं नाही. त्या घोटाळ्यापायीच पुढं कॅन्सरचा उच्चार बदलून 'आय' केला. पण लहानपणी कानात बसलेलं जात नाही, आणि माझ्यासारख्या परदेशी पोराच्या उच्चारावर कोण विसंबणार? दोन अक्षरं मात्र दिसायला काही एक नाहीत. कॅन्सरला आजाराचं छप्पर, आत तीन तोंडं, तळाशी डोंगर. सतरा रेघा.

आजींनी सलाइन नसलेला हात माझ्यापुढं केला, तळवा वर. म्हणाल्या, "लिही."

मी बोटानं लिहायला लागलो. डावीकडं टिंब, उजवीकडं टिंब, खाली येणारा पाय, दुसरा पाय. अग्नी. त्याच्या खाली आणखी एक अग्नी, पुन्हा तसंच. त्यांनी डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी बोट उचललं तरी त्यांचा हात तसाच पसरलेला, आणखी काही येतंय का याची वाट बघत.

"आठ?" त्या म्हणाल्या.

"आठ, लाओशी."

त्यांनी मूठ मिटली आणि मुलगी पाणी घेऊन आली तेव्हा तिला म्हणाल्या, या पोराचं अक्षर सुधारलंय.